शुक्रवारचा फोटो

कॅमेरा घेतला तेव्हा मला शाळेतून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि मी घराच्या भिंतींना पुरती कंटाळले होते. भिंतींचंही माझ्याबद्दल तेच मत असावं. भाचा म्हणाला, "मावशी, मोबाइलवर काढ की फोटो." म्हटलं, मोबाइलवर काय, मांजराचा पाय पडला तरी फोटो निघतो. शिकायचं तर नीट शिकायचं. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना हेच सांगत आले, आता माझी पाळी.

पेणला एका गणपतीच्या कारखान्याच्या माडीवर, लग्नाचे फोटो काढणारा एक तरुण दर रविवारी नवशिक्यांचा वर्ग घ्यायचा. रोह्याहून मी गाडीनं जायचे. वर्गात बाकी सगळे माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. पहिल्याच दिवशी मी फळा नीट पुसलेला नाही म्हणून बोलले, तेव्हापासून सगळे मला बाई म्हणायला लागले, शिकवणारासुद्धा.

त्याला शिकवता छान येत होतं, हे मात्र कबूल करायला हवं. तो म्हणायचा, कॅमेऱ्यात तीनच गोष्टी आहेत. भोक किती मोठं उघडायचं ते अॅपर्चर, किती वेळ उघडं ठेवायचं ते शटर आणि आलेल्या उजेडाला किती ताणायचं ते आयएसओ. एक वाढवलंत तर दुसरं कमी करा. ताणलंत जास्त, तर फोटोत रवाळ दाणे दिसतील. फोकस नेहमी डोळ्यावर, तोही जवळच्या. डोळा साफ असेल तर बाकी सगळं माफ. आणि कॅमेऱ्याच्या आधी उजेड बघायला शिका. कुठून येतोय, किती वाजता येतोय, कुठल्या महिन्यात कुठे पोचतोय.

त्यासाठी त्यानं गृहपाठ दिला. एक माणूस, एक खुर्ची, एक खिडकी. वर्षभर त्याच जागी काढा. माणूस बदलू नका, जागा बदलू नका, फक्त उजेड बदलू द्या. वर्गातल्या पोरांनी दोन रविवारांत नाद सोडला. मला गृहपाठ अर्धवट ठेवणारे कधीच आवडले नाहीत.

माणूस मला घराशेजारीच मिळाला. आमच्या आळीत, माझ्या अंगणाला लागून, एक म्हातारी मुसलमान बाई राहायची. मी तिला चाची म्हणायचे. गुडघ्यांमुळे तिचं हिंडणं-फिरणं संपलं होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दक्षिणेच्या खिडकीशी वेताच्या खुर्चीत बसून तांदूळ निवडायची, नाहीतर तसबीचे मणी ओढायची. आयतीच मिळाली. मी कॅमेऱ्याची तिपाई लावली की ती म्हणायची, "काय गो मास्तरणी, आली परत? किती काढशील माझे फोटू? चेहरा झिजंल एखाद दिस."

मी म्हणायचे, "झिजू दे चाची, मान वर करा."

मान कधी वर करायची नाही. पण हसायची, आणि हसली की पानानं रंगलेले उरलेसुरले दात दिसायचे. मी तिला सकाळी काढलं, भर दुपारी काढलं, पावसाळ्यात दिवे गेलेले असताना काढलं. हिवाळ्यात ऊन खाली उतरतं आणि दक्षिणेच्या खिडकीतून पार मागच्या भिंतीपर्यंत जातं. उन्हाळ्यात ते उंबऱ्याबाहेरच्या पाहुण्यासारखं खिडकीच्या चौकटीशीच थांबतं. साठ वर्षं रोह्यात काढून मला हे ठाऊक नव्हतं. कॅमेऱ्यानं शिकवलं.

तिचा एकुलता एक मुलगा आखातात कामाला. माझ्याच हाताखालून गेलेला. घरी त्याची बायको, म्हणजे चाचीची सून, आणि चाची, दोघीच. शुक्रवार त्याचा सुट्टीचा. त्या दिवशी सून माझ्या फोटोंतला एक निवडून त्याला पाठवायची. कारण चाची फोनवर कधी बोलायची नाही. सुनेनं फोन पुढे केला की तोंड फिरवायची. "त्या डबीत तोंड घालून बोलाया मी काय येडी हाय? यील तवा बोलंन." मग मुलगा फोटोवरच समाधान मानायचा.

दिवाळी होऊन गेली, सकाळी अंगावर काटा येईल इतकी थंडी पडायला लागली, आणि एका सकाळी सून माझ्या दारात उभी राहिली. "बाई, अम्मी उठत नाय." मी जाऊन चाचीचा हात धरला. तोही थंडच होता.

त्यांच्यात मयत ठेवत नाहीत. दुपार कलायच्या आत दफन झालंसुद्धा. मुलगा पोचणं शक्यच नव्हतं. संध्याकाळी नात्यातले वडीलधारे बसले आणि ठरलं, की त्याला कळवायचं नाही. आमच्याकडच्या आखाताच्या घरांतून हे असंच चालतं. सुखाची बातमी फोनवर, दुःखाची रजेवर. तिकडे खोलीत परकी माणसं, कंपनी रजा देणार नाही, मग एकट्यानं रडत बसायचं कशाला? रमजानच्या आधी तो यायचाच होता. आला की सगळ्यांच्या मध्ये बसवून, पाठीवर हात ठेवून सांगायचं.

मला ते पटलं नाही आणि मी तसं बोलले. खोटं ते खोटं. पण सुनेनं मला आत नेलं आणि विचारलं, "बाई, तुम्हाला ठाव हाय ना, त्याचे अब्बा गेले तवा काय झालेलं?"

मला ठाऊक होतं. तेव्हा तो माझ्या वर्गात तिसरीत होता. बाप गेल्यावर पोरगा बोलायचाच बंद झाला. रडला नाही, काही नाही. पोटात अन्न ठरेना, चालताना भिंतीला धरायचा. त्याला मांडीवर घेऊन चाचीनं परत माणसात आणलं होतं. आता तिकडे परक्या मुलखात तसा मिटला तर कोण आणणार, हीच सुनेची भीती होती. खरं सांगते, मग माझीही.

"फोटू हायत ना तुमच्याकडं?" ती म्हणाली.

होते. गृहपाठ पुरा केला होता ना.

पहिल्या शुक्रवारी मी संगणकापुढे बसले. आज चाचीनं काय घालायचं, हे मी ठरवत होते. थंडी आहे म्हणजे शाल हवी. गेल्या हिवाळ्यातले फोटो काढले. त्यातला आधी कधी न पाठवलेला, सकाळचा एक घेतला, सौम्य उजेड, भिंतीवर ऊन नाही. कडेला कॅलेंडर दिसत होतं, तेवढं कापून टाकलं. फोटोच्या पोटात तारीख लपलेली असते ती पुसायची, हे वर्गात शिकले होते. तेव्हा म्हटलं होतं, असल्या चोरट्या गोष्टी शिकून मला काय करायचंय. फोटो सुनेच्या फोनवर टाकला. ती तसाच पुढे ढकलणार होती, मी तिचा हात धरला. पुढे ढकललं की वर 'फॉरवर्डेड' असा शिक्का उमटतो. आधी उतरवून घे, मग नव्यानं पाठव.

जरा वेळानं उत्तर आलं. "अम्मी, शाल नीट घे. कानाला वारा लागंल."

सुनेनं ते मोठ्यांदा वाचलं. मला नाही. रिकाम्या खुर्चीकडे बघून वाचलं.

पुढच्या शुक्रवारी निळी शाल. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तांदळाचं सुपडं मांडीवर. मेलेलं माणूस माझ्या हाताखाली आठवड्याला एकदा कपडे बदलत होतं. फोटो उजळताना मी नकळत पडद्याला म्हणायचे, "मान वर करा चाची," आणि मग दचकायचे. काही फोटोंत ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती, माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघत होती. काढला तेव्हा मागे कोण होतं ते मला आठवेना. बहुधा कुणीच नव्हतं.

मुलाचं उत्तर दर वेळी अम्मीलाच यायचं. बायकोची विचारपूस वेगळी, अम्मीशी बोलणं वेगळं. "अम्मी, आज हसली का नाय?" "अम्मी, मी बी जेवलो, तू बी जेव." सून ते खुर्चीला वाचून दाखवायची. नंतर नंतर शुक्रवारी खुर्चीशेजारच्या स्टुलावर चहाचा कपही दिसायला लागला. एकदा ती ताजा फोटो बघून म्हणाली, "अम्मी आज थकलेल्या वाटतात, न्हाय बाई?" तेव्हा मी चिडून ओरडले, "अगं, तो फोटो गेल्या वर्षीचा आहे!" ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू वाह्यात बोलणारी मीच.

मग माझ्या हातून चूक झाली. एका शुक्रवारी मला हौस आली म्हणा. तोवर सगळे सकाळचे, फिके फोटो पाठवले होते. माझा सगळ्यात चांगला फोटो दुपारचा होता. हिवाळ्याचं तिरपं ऊन, चाचीचा अर्धा चेहरा उजळलेला, प्रत्येक सुरकुती वाचता येईल असा. वर्गात या फोटोचं कौतुक झालं होतं. तोच पाठवला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

उत्तर यायला त्या दिवशी उशीर लागला. मग आलं. "अम्मी, आंब्याची सावली किती छान पडल्ये तुझ्या शालीवर."

सुनेनं वाचलं आणि फोन स्टुलावर ठेवला. मी फोटो मोठा करून पाहिला. भिंतीवर, शालीवर, चाचीच्या गालावर, सगळीकडे पानांची लांबट सावली होती. खिडकीबाहेर त्यांच्या अंगणात आंबा होता. होता. श्रावणात वादळानं त्याची फांदी कौलांवर आली, तेव्हा तो बुंध्यापासून तोडला. तोडतानाचा व्हिडिओ सुनेनंच त्याला पाठवला होता; त्या झाडावर चढून तो लहानपणी हात मोडून घेऊन बसला होता. मी तारीख पुसली, कॅलेंडर कापलं, शिक्का टाळला. आणि नसलेल्या झाडाची सावली, नसलेल्या बाईच्या अंगावर, तशीच जाऊ दिली.

मी वळून खिडकीकडे पाहिलं. दुपारच होती तेव्हा. भिंतीवर सरळ, मोकळं ऊन पडलं होतं. एका पानाचीही सावली नव्हती.

"त्याला आठवत नसंल," सून म्हणाली. "झाड तोडलं ते इसरला असंल."

मीही मान हलवली. चोराच्या मनात चांदणं असतं. आम्ही दोघी दोन दिवस फोन वाजला की दचकत होतो. पण तो पुढे काहीच म्हणाला नाही. पुढच्या शुक्रवारी फोटोला जरा उशीर झाला तर त्याचाच निरोप आला, "आज अम्मीचा फोटू नाय?"

आता पंचाईत अशी, की सकाळचे फिके फोटो संपले होते आणि हिवाळ्यातल्या उन्हाच्या प्रत्येक फोटोत आंबा होता. गृहपाठाचं वर्ष पावसाळ्याच्या शेवटी पुरं झालं होतं, त्यामुळे झाड तोडल्यानंतरचे फोटो सगळे पावसाळ्यातले, निळसर, कोंदट उजेडाचे. मी ते संगणकावर उबदार करायला बसले. पांढऱ्याचा तोल पिवळ्याकडे ढकलला, सावल्या जरा गडद केल्या. अंगावर शाल नव्हती, पण ते एक वेळ चालण्यासारखं होतं. हा रंग खरा वाटतो का ते ताडून बघायला आत्ताच्या उन्हातला एक फोटो हवा होता. म्हणून मी कॅमेरा घेऊन त्यांच्याकडे गेले, नेहमीच्या जागी तिपाई लावली आणि रिकाम्या खुर्चीवर कॅमेरा धरला.

माझ्या कॅमेऱ्याला चेहरा दिसला की पडद्यावर एक छोटी पांढरी चौकट येते आणि चेहऱ्याला चिकटून राहते. ती आली. खुर्चीच्या पाठीवर, चाचीचं डोकं असायचं बरोबर तिथे. मी कॅमेरा जरा डावीकडे नेला, चौकट सरकत जागेवर राहिली. उजवीकडे नेला, तरी तिथेच. मग ती बारीक झाली आणि एका डोळ्यावर धरल्यासारखी थांबली. जवळच्या.

यंत्राला अक्कल नसते. वेताच्या विणीत दोन भोकं आणि खाली एक आडवी पट्टी दिसली, की त्याला तो चेहरा वाटतो. शिकवणाऱ्यानं हे आम्हाला सांगितलं होतं, मोरीच्या जाळीवर चौकट आणून दाखवलीही होती. मला हे सगळं ठाऊक होतं. तरी माझ्या बोटानं बटण दाबलं जाईना. मी फोटो न काढता तिपाई मिटली. स्टुलावरचा चहा अजून वाफाळत होता. मी दार ओढून घेऊन बाहेर आले, आणि मी तशी घाबरट बाई नाही.

त्यानंतर मी सुनेला दोनदा म्हटलं, की सांगून टाकू. तिनं दोन्ही वेळा एकच उत्तर दिलं. "तिकडं तो एकटा हाय, बाई." मी पावसाळी फोटो पिवळे करून देत राहिले. त्याची उत्तरं येत राहिली.

रमजानच्या आधी तो आला. विमानतळावरून गाडी करून भर दुपारी आळीत उतरला. वडीलधारी माणसं जमली होती, मलाही बोलावलं होतं. लहानपणी शिकवलेलं म्हणून मीच सुरुवात करावी असा त्यांचा हिशेब. कसं सांगायचं याची वाक्यं मी मनात घोकली होती. तो आत आला. सगळ्यांना सलाम केला. बॅगा ठेवल्या. अम्मी कुठे आहे, हे काही त्यानं विचारलं नाही. सरळ खिडकीशी गेला, खुर्चीपुढे खाली फरशीवर बसला आणि वेतावर हात ठेवला.

मी घसा खाकरला. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "सांगू नका, बाई. मला ठाव हाय."

सुनेच्या तोंडून नुसता आवाज आला. मी विचारलं, "कधीपासून?"

"त्याच सांजेला. मोहल्ल्याच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेलं, मग लगेच पुसलं. पण माझ्या खोलीतल्यानं वाचलेलं व्हतं. सगळ्यांनी मला धरून बसवलं, दुवा मागितली. चार दिस मी काय खाल्लं नाय. मग शुक्रवारी फोन वाजला आणि अम्मी आली. मला वाटलं, घरात घाबरलेत, त्यात कायतरी चुकून पाठवलं. पुढच्या शुक्रवारी परत आली. शाल बदलून."

मला रडू येत होतं आणि रडू आलं की मी रागावते, ही माझी जुनी खोड. मी म्हटलं, "अरे, मग बोलला का नाहीस? आम्ही इकडे जीव मुठीत धरून तुझ्यासाठी हे सगळं सोंग करत होतो. सावली दिसली तेव्हाच सांगायचंस!"

"सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर तुम्ही फोटू पाठवायचे थांबला असता ना."

तो रडायला लागला. तिसरीतलं पोरगं रडलं नव्हतं, हा मात्र ढसाढसा रडला, आणि म्हाताऱ्यांनी पाठीवर हात ठेवले, जसं ठरलं होतं तसंच. मला वाटलं, सुटलो. जे व्हायला नको होतं ते झालंच होतं, पण निदान ते संपलं.

मग सून माझ्याजवळ सरकली. डोळे पुसून, आवाज खाली घेऊन तिनं विचारलं, "बाई, अजून उरलेत ना?"

रडता रडता त्यानं मान वर केली. शाळेत सुट्टीची घंटा कधी होणार विचारताना पोरं बघतात, तशी दोघंही माझ्या तोंडाकडे बघत राहिली. परवा शुक्रवार होता, आणि कॅमेऱ्याच्या कार्डात अजून पुष्कळ फोटो होते.